सरंग्याच्या बदल्यात आलेलं दार

आधी मावशीचं सांगतो. पुढे जे झालं ते वाचून कुणाला तिचा राग यायला नको, म्हणून आधी. देवबागात डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मासे विकणारी ही बाई. माझ्या नात्यातली नाही, माझ्या बोलीतली नाही. मी हिंगोलीकडचा, आठवीतून शाळा सुटलेला, खाडी आणि समुद्राच्या मधल्या त्या वाळूच्या पट्टीवर एका होमस्टेत कामाला आलेला. झाडलोट, पाहुण्यांच्या खोल्या आवरणं, बोटीवाल्यांची लाइफ जॅकेटं धुऊन वाळत घालणं. पहिल्या वर्षी कामाशिवाय माझ्याशी जे कुणी बोललं ते मावशीच. तेही टोमणा मारायला. मला बांगडा खाता येत नसे. काटा घशात अडकेल या भीतीने मी एकेक घास चावत बसायचो, आणि ती पायरीवर पाटी टेकून बघत राहायची.

"काट्यांक भियतंस? मगे दर्याकडे कित्याक इलंस रे, घाटावरच्या?"

मग काटा अख्खा कसा ओढून काढायचा ते स्वतःच्या बोटांनी दाखवायची, आणि मालकिणीच्या देखत माझ्या ताटलीत आणखी एक बांगडा टाकायला सांगायची.

तिच्याचकडे मी मनातलं बोललो. ते एवढंच होतं, की माझी मुलगी मला विसरत चालली होती.

तिची आई गेली तेव्हा ती रांगत होती. तेव्हापासून ती गावाकडे माझ्या थोरल्या भावाजवळ आहे. भाऊ-वहिनीला मूलबाळ नाही. त्यांनी तिला जीव लावला, त्यात खोट काढायला जागा नाही. आता ती सहा वर्षांची आहे. भावाला बाबा म्हणते. माझा फोन आला की म्हणते, मालवणचे काका. वहिनी दर वेळी तिला रागावते आणि ती दर वेळी विसरते. गेल्या दिवाळीत भाऊ स्पष्ट बोलला, पण चिडून नाही. पावसाळ्यात समुद्र बंद असतो, तुझं काम थांबतं, तेव्हा ये आणि तिच्याजवळ राहा, म्हणाला. ती तुझ्यासंगं यायला तयार झाली तर खुशाल घेऊन जा. नाही झाली तर आमच्याकडंच राहू दे, कायमची, आणि मग तिच्या जिवाची ओढाताण करू नको. मी हो म्हणालो. नाही म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं. पंपाशेजारची खोली द्यायला मालक तयार झाले होते. मी ती आतून चुन्याने रंगवूनसुद्धा घेतली.

पण जवळ राहायचं म्हणजे करायचं काय? फोनवर आमचं बोलणं म्हणजे, जेवलीस का, हो, काय जेवलीस, भाजी. की फोन वहिनीकडे. एकदाच तिने आपणहून मला बोलावलं. शेजारच्या पोरांकडून प्लास्टिकचे जोडायचे ठोकळे मागून आणून तिने गुडघ्याएवढी भिंत उभी केली होती आणि ती फोनमध्ये मला दाखवत होती.

"संपले ठोकळे," ती म्हणाली. "घर करायचंय. दार पायजे. उघडणारं पायजे."

इतकं ती माझ्याशी कधीच बोलली नव्हती. मी ठरवलं, पावसाळ्यात जाईन तेव्हा तिच्या घराचं सगळं सामान घेऊन जाईन. शेजारी बसून बांधू. बांधता बांधता ओळख होईल.

मालवणच्या बाजारात खेळण्यांच्या दुकानात गेलो. खोक्यावर दुमजली घराचं चित्र होतं. ते खोकं माझ्या आवाक्याबाहेरचं होतं, म्हणून शेजारचं लहान घेतलं. होमस्टेत परत येऊन उघडलं तर आत मूठभर ठोकळे आणि बाकी हवा. पण त्या मूठभरांनी मला शिकवलं. दोन ठोकळे एकमेकांवर दाबले की टक असा बारीक आवाज येतो, आणि मग नखाने उचकटावे लागतात. आठवडी बाजारातले स्वस्त ठोकळे आणले तर ते यांच्यावर बसेनात, बसले तर उभे राहीनात. तेव्हापासून मी हातात येईल तो ठोकळा आधी दाबून बघायचो. टक आलं तर ठेवायचा.

पाहुण्यांची पोरं बरंच काही विसरून जातात. गादीच्या फटीत, मोरीच्या जाळीत, वाळूत. सापडलेला प्रत्येक ठोकळा मी मालकिणीला नेऊन दाखवायचो. चोरीचा आळ आला तर परक्या मुलखात आपली बाजू कोण घेणार, ही धास्ती. शेवटी ती वैतागली. म्हणाली, अरे बाबा, सोन्याचा सापडला तर आण, हे ठेव तुझ्याकडे.

असे किती जमणार? मी मावशीला सांगितलं, आणि तिने ते आपल्या धंद्यात घेतलं. मुंबईकरांची पोरं सुट्टीत आणि गणपतीला येतात, खेळणी आणतात, परतताना टाकून जातात. मग ती माळ्यावर पडून राहतात. कुठल्या घरात किती वयाची नातवंडं येतात हे मावशीला तोंडपाठ. मासळीचा वाटा लावला, गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं, की ती म्हणायची, पैसे कमी नाही करणार, वर दोन बांगडे घालते, पण ती पोरांची पिशवी दे. तळपायाला टोचणाऱ्या त्या वस्तू घरातून जाताहेत म्हणून बायका खुशीत द्यायच्या. एकीने तिला विचारलं होतं, म्हातारपणी खेळायला बसतेस की काय गो. ते मला सांगताना मावशी पदर तोंडाला लावून हसत होती.

"मी म्हटलंय, होय गो, तुझ्या घोवाक वांगडा घेवन खेळतंय." घोव म्हणजे नवरा, वांगडा म्हणजे सोबत.

दाराचा तुकडा मात्र कुठे मिळेना. खिडक्या मिळाल्या, गाड्यांची चाकं मिळाली, एक बिनडोक्याचा माणूस मिळाला. दार नाही. एप्रिलच्या शेवटी मावशी एक दिवस नेहमीपेक्षा लवकर आली. पाटी उतरवण्याआधी तिने कनवटीतून काढून माझ्या हातावर एक लाल दार ठेवलं. चौकटीसकट, उघडणारं. तारकर्लीच्या एका घरात ते होतं. तिथल्या बाईला त्याची किंमत कळली म्हणून ती अडून बसली होती. मावशीने दिवसातला एकुलता एक सरंगा, म्हणजे पापलेट, तिला देऊन टाकला. त्या सरंग्यावर तिचा अख्खा दिवस निघाला असता. दार मी शर्टाच्या खिशात ठेवलं आणि तेव्हापासून खिशातच ठेवलं. हरवेल याची भीती होती. बाकीचं सगळं एका पोत्यात भरून मावशीच्याच घरी ठेवलेलं. माझ्या झोपायच्या जागेत लाइफ जॅकेटं टांगलेली असायची. पोतं मासळीच्या बर्फाच्या पेटीखाली राहिलं आणि त्याला वास लागला. मला त्याचं काही वाटलं नव्हतं. मावशीला वाटलं.

मे महिन्याच्या अखेरीला तिकडे पावसाळ्याची बेगमी चालते. भात उकडायचं, उन्हात वाळवायचं, मग गिरणीवर न्यायचं. वर्षभर खायचा तो उकडा तांदूळ. मी निघायच्या आदल्या दिवशी पोतं घ्यायला गेलो तर अंगणात भात पसरलेलं होतं, आणि त्याच्या कडेला, वेगळ्या चटईवर, माझे ठोकळे. लाल, पिवळे, निळे, उन्हात चकाकत होते. मावशी त्यांच्यावरून हात फिरवून खालीवर करत होती, जसं भात करतात तसं.

"वास गेलो बघ," ती म्हणाली. "चेडू नाकाक लावीत, तेका घाण येवक नको. फडक्यात बांधून भातावांगडा उकडून काढलंय."

तांब्याचं मोठं भाण अजून चुलीवर होतं. खाली माडाच्या सुक्या चुडतांचा विस्तव. त्या भाणात, भाताच्या भाराखाली, सबंध सकाळ ते गाठोडं शिजलं होतं. तिच्या घरात ज्याला ज्याला स्वच्छ करायचं त्याला कढत पाणी. बाळाची दुपटी, दुधाची भांडी, जाळ्याच्या दोऱ्या. मुलीच्या हातात जाणारी वस्तू ती थंड पाण्यात बुडवून कशी देईल? मी दोन ठोकळे उचलले आणि एकमेकांवर दाबले. आवाज आला नाही. दुसरे दोन घेतले. काही पोटात वाकले होते, काही दिसायला सरळ, पण धरत नव्हते. दुकानातले नवे, ते सुद्धा. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणालो, मस्त झाले मावशी, नव्यासारखे. ती म्हणाली, नव्यापेक्षा बरे. आणि पोत्याऐवजी धुतलेल्या पिशवीत भरून दिले. वर मुलीसाठी गुळाचं खाजं.

एसटीत पिशवी मांडीवर घेऊन बसलो. कोल्हापूरपर्यंत मी त्यातले ठोकळे काढून जोडून बघत होतो. पुढे बघायचं बंद केलं.

घरी मुलीने पिशवी ओसरीवर ओतली. एवढे ठोकळे तिने एका जागी पाहिलेले नव्हते. ती लगेच बसली, मीही बसलो, आणि थोडा वेळ, फार थोडा वेळ, मी जे मनात धरलं होतं तसंच सगळं चाललं होतं. तिने पहिली ओळ लावली. दुसरी लावताना पहिली सुटली. तिने पुन्हा लावली. दातांनी दाबून बघितलं. मग मला म्हणाली, "काका, हे बसंनात."

मी दोऱ्याने बांधून दिले. वहिनीने गव्हाची खळ करून दिली. खळीने उभी केलेली भिंत सकाळपर्यंत मुंग्यांनी भरली. शेजारच्या पोरांचे ठोकळे पुन्हा मागितले तर ते आमच्यावर बसेनात. रोज ती थोडा वेळ माझ्याजवळ यायची, शहाण्यासारखी, पाहुण्याजवळ बसावं तशी. संध्याकाळी भाऊ शेतातून आला की मात्र चिखलाच्या पायांसकट त्याच्या पाठीवर चढायची. मी तिच्यासाठी आणखी काय करू शकत होतो? मला गाणी येत नाहीत, गोष्टी येत नाहीत. समुद्राचं सांगितलं तर ती विचारायची, मग बुडतेत का माणसं? मी म्हणायचो, कधी कधी.

शेवटच्या आठवड्यात खिशातलं दार तिला दिलं. तेवढं एकच उकडलेलं नव्हतं. तिने ओसरीवर नुसतं उभं केलं, भिंतीशिवाय, आणि उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. मग नाकाला लावलं आणि हसली. कशाचा वास आहे, म्हणाली. मी म्हणालो, माशाचा. मावशीच्या कनवटीचा. मावशी कोण, तिने विचारलं, आणि मी सांगायला लागलो. पाटी, बांगडे, सरंगा. ती ऐकत होती. मुक्कामात पहिल्यांदाच ती माझं इतका वेळ ऐकत होती. तेवढ्यात वहिनीने जेवायला बोलावलं.

निघायच्या दिवशी भावाने तिला सगळ्यांसमोर विचारलं. आवाजात कसलाही भार नव्हता, त्याचं मला आजही बरं वाटतं. "ह्यांच्यासंगं जाती का समुद्राला? राहायला?" तिने आधी वहिनीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला माझं वाईट वाटत होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती आत गेली, दार घेऊन आली आणि माझ्या हातावर ठेवलं.

"हे तुमच्या घराला लावा," ती म्हणाली. आणि भावाच्या मागे जाऊन उभी राहिली.

भाऊ फाट्यापर्यंत सोडायला आला. ठरलेलं ठरलं होतं.

आता पंपाशेजारच्या खोलीत होड्यांची इंजिनं ठेवतात. मीच मालकांना म्हणालो, ठेवा. चुना या पावसाळ्यातच पोपडे धरून निघाला. मी रोज उठतो, खोल्या आवरतो. गादीच्या फटीत अजून हात जातो. ठोकळा सापडला की दाबून बघतो, टक येतं, आणि मग तो कुठे ठेवायचा ते कळत नाही.

मी परतलो त्या आठवड्यात मावशी सुके बोंबील घेऊन आली होती. पाटी उतरवायच्या आधीच विचारलं.

"बांधलां घर चेडवान?"

मी म्हणालो, बांधलं. मुलगी कुठे, तिने विचारलं, तर म्हणालो, शाळा सुरू झाली. तिने पाटीतून ठोकळ्यांचं एक पुडकं काढून माझ्याकडे सरकवलं. मी नव्हतो तेव्हाही तिने जमवणं थांबवलं नव्हतं.

"पुढल्या वर्साक मोठां बांधूया," ती म्हणाली. "खंय गावतत ता माका म्हायत झाला आता."

अजूनही आणते. गुडघे दुखतात तरी तारकर्लीपर्यंत जाते आणि गिऱ्हाइकाला वर दोन बांगडे घालते. मुलगी आता येणार नाही, हे तिला सांगायची माझ्यात हिंमत नाही. आता मी ठोकळे तिच्या पाटीतूनच उचलतो आणि म्हणतो, मावशी, धुवायचं माझं मी बघतो. ती म्हणते, आळशी माणसाक अक्कल इली.

मला मिळालं नाही त्याचा दोष तिचा नाही. परक्या माणसाच्या पोरीसाठी सरंगा देऊन टाकणारं या किनाऱ्यावर मला दुसरं कुणी भेटलं नाही. दार अजून खिशात आहे, वास आता गेला. मुलगी मोठी होईल, कधीतरी आपल्या पायांनी समुद्र बघायला येईल, तेव्हा मी तिला आधी मावशीच्या अंगणात नेईन आणि सांगेन, ही ती. मावशीच्या समोर त्या चटईवर आम्ही घर बांधू आणि तिचं दार तिलाच लावायला देऊ. येईल की नाही, मला माहीत नाही. येईपर्यंत मावशी असेल की नाही, तेही माहीत नाही. पण मावशी, तुझं मी फेडीन. कधीतरी फेडीन.