गोजरबाईंचं पेव

आमचे हे, म्हणजे गोरक्षनाथ, श्रीगोंद्यात लग्नाचे फोटो काढतात. पण तिथी नसली की स्वारी निघाली गावोगाव भुयारं आणि कपारी धुंडाळायला. पूर्वी वेठीला जुंपलेली माणसं पळून आली की जिथं लपायची, त्या जागांचे फोटो काढायचं यांना खूळ आहे. घरात येतं काय, तर चार कॅमेऱ्यांत भरलेला काळोख.

कर्जतकडच्या साळूबाईंचा निरोप आला, तेव्हा मात्र मीही गाडीवर मागं बसले. साळूबाईंचा आजा भीमा निजामाच्या मुलखातल्या एका जहागिरीतून पळाला आणि सीना नदी ओलांडून इकडं आला. गोजरबाई नावाच्या शेतकरीण बाईनं त्याला पेवात, म्हणजे धान्य साठवायच्या खड्ड्यात, लपवलं. पेवाच्या तोंडावर गोवऱ्या रचल्या आणि दोरीनं भाकरी सोडत राहिली. शोधणारे हात हलवत परत गेले. भीमा याच गावचा झाला.

आता त्याच पेवावर गोजरबाईंचा पणतू सूर्यभान कांदे साठवायची चाळ बांधणार होता. चुन्याच्या फक्कीनं रेघाही मारून झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पेव बुजणार होतं.

"आज्याचा फोटो न्हाई," साळूबाई म्हणाल्या. "जागेचा तरी ऱ्हाऊ द्या. पोरांना काय दावू मी?"

हे मोबाईलचा टॉर्च लावून लगेच उतरायला निघाले. साळूबाईंनी सदरा धरून मागं ओढलं.

"आदी कंदील सोड. टॉर्च गुदमरत न्हाई, मानूस गुदमरतं."

दोरीला बांधून कंदील सोडला, तो खाली जाताच विझला. यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग पेवाचं तोंड उघडं टाकून आम्ही बाजूला पिठलं-भाकरी खाल्ली, दोरीला लिंबाच्या डहाळ्या बांधून आतली हवा हलवत राहिलो. उन्हं कलली तेव्हा कंदील तळाशी नीट जळत राहिला.

शिडीवरून हे उतरले, पाठोपाठ साळूबाई. आजी उतरली म्हटल्यावर लेक, सुना, नातवंडं, कोण मागं राहतंय? थोड्या वेळानं हे तोंड पाडून वर आले. "नुसता अंधार आलाय फोटोत," म्हणाले.

तेवढ्यात बाकीची माणसं वर यायला लागली. सूर्यभान काठावर उभा राहून एकेकाला हात देत होता. एक सून आली, तिच्यामागं दुसरी, मग पोरं, जावई, कडेवरचं बाळ. ह्यांचा कॅमेरा थांबेना.

"आमच्या पंजीनं येकच मानूस ठिवलं हुतं की वो खाली," सूर्यभान धापा टाकत म्हणाला.

खालून साळूबाईंचा आवाज आला, "मग? पेव फुटलं."

सगळे पोट धरून हसले. साळूबाई वर आल्या, केसांत माती, तोंडभर हसू. सूर्यभाननं त्यांचा हात सोडला नाही. पायानं फक्कीची रेघ पुसत म्हणाला, "चाळ तिकडं सरकवू. पंजीनं झाकून ठिवलेलं मी कसं बुजवू?"

मला रडू आलं. ह्यांनी माझ्या रडण्याचाही फोटो काढला.