साडूचे स्पीकर आणि माझा अंगठा

माझा साडू मिलिंदराव हा अत्यंत सज्जन माणूस आहे. त्यामुळेच तो मला सहन होत नाही.

साडू वाईट असला की काम सोपं असतं. सगळे नातेवाईक आपोआप तुमच्या बाजूने येतात. पण हा माणूस दारू पीत नाही, कुणाला टोचून बोलत नाही, बायकोला (म्हणजे माझ्या मेव्हणीला) पोळ्या लाटून देतो. वर स्वतः बेंगळुरूच्या व्हाइटफील्डला अकराव्या मजल्यावर राहून माझ्या विद्यारण्यपुरातल्या तळमजल्याला "तुमच्याकडे झाडं किती छान आहेत हो!" असं म्हणतो, आणि तेही मनापासून! अशा माणसावर जळायचं म्हणजे कुणाची मदत मिळत नाही, सगळं स्वतःलाच करावं लागतं. मी ते गेली एकोणीस वर्षं नेटाने करतो आहे.

तरी त्यांचे स्पीकर येईपर्यंत माझी जळजळ घरगुती पातळीवर होती. गाडी, फ्लॅट, परदेशवाऱ्या... आपण म्हणायचं, असतं एकेकाचं. पण स्पीकर! ते माझ्या खांद्याला लागतात. दोन आहेत. मध्ये एक कपाट, कपाटात चार चकचकीत डबे, आणि डबे जोडणाऱ्या वायरी बागेतल्या पाइपाएवढ्या जाड. ही यंत्रणा पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा आमचे सासरे, अण्णा, डोळे मिटून बसले आणि अर्ध्या तासाने एकच शब्द बोलले.

"वा!"

तो "वा" माझ्या काळजात काट्यासारखा रुतला. कारण अण्णांचा "वा" असा सहज मिळत नाही. ते बेळगावचे. शाळेत गणित शिकवायचे आणि उरलेला सगळा वेळ गायचे. लग्नात मी पाठ करकरून घेतलेला उखाणा ऐकून ते "हं" म्हणाले होते. माझ्या प्रमोशनची बातमी ऐकून "असू दे" म्हणाले होते. सासूबाई गेल्यावर त्यांनी गाणं सोडलं, तंबोरा एका शिष्याला देऊन टाकला आणि बेळगावचं घर बंद करून ते बेंगळुरूला दोन्ही मुलींकडे राहायला आले. दोन्ही मुलींकडे हे म्हणायला. मुक्काम व्हाइटफील्डलाच, कारण "तिकडं ऐकायला बरं आहे की." आमच्याकडे यायचे ते सणाला. सकाळी यायचे, जेवायचे आणि पिशवी न उघडता परत जायचे.

माझी बायको शुभा हे बोलून दाखवायची नाही. फक्त अण्णा गेल्यावर त्यांच्यासाठी काढून ठेवलेली चादर घडी घालून परत कपाटात ठेवायची. आवाज न करता ठेवायची, म्हणून मला जास्त ऐकू यायचं. शेवटी मी ठरवलं, अण्णा आपल्याकडे राहायला आले पाहिजेत. आणि जमलं तर (हे मी शुभाला सांगितलं नाही) "वा" म्हटले पाहिजेत.

आता मी एका सरकारी कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर. माझ्याकडे लग्नाआधी स्वतःच्या हाताने जोडलेला अँप्लिफायर आहे. लोखंडी पेटीतला आहे, दिसायला रेशन दुकानातल्या तराजूसारखा आहे, पण त्याला जोडलेल्या दोन स्पीकरांतून आवाज खणखणीत! कमतरता होती ती त्यात चांगलं गाणं सोडणाऱ्या यंत्राची. मग इंटरनेटवर जाणकारांचं वाचताना मला ते वाक्य सापडलं. 'घरासाठी महागडे डबे घेण्यापेक्षा खिशात मावणारा उत्तम म्युझिक प्लेअर थेट अँप्लिफायरला जोडा. तो बॅटरीवर चालत असल्यामुळे घरातल्या विजेची घरघर गाण्यात शिरतच नाही.' मी ते वाक्य अकरा वेळा वाचलं. मिलिंदरावांचे चारही डबे भिंतीतल्या विजेवर चालतात! चारही!

प्लेअर मी ऑफिसच्या पत्त्यावर मागवला. तरी दोन दिवसांत शुभाच्या हातात पडलाच.

"नवा फोन घेतलात?"

"फोन नाही. यावर फक्त गाणी ऐकायची."

"फोनवरही ऐकता येतात."

"अशी नाही येत."

"बरं. मग यावरून फोन करता येतो?"

"नाही."

"म्हणजे फोनपेक्षा जाड, फोनपेक्षा जड, आणि फोन करता येत नाही."

"हो."

"छान," असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. (आमच्या घरात "छान" म्हटल्यावर विषय वाढवायचा नसतो.)

मी मिलिंदरावांना फोन लावला. "येत्या रविवारी सगळे या. अण्णांनाही आणा. जरा ऐकवायचंय काहीतरी."

"अरे वा! नक्की येतो! मला शिकायला मिळेल."

बघा! हे असं बोलतो हा माणूस!

इथे माझ्या शहाणपणाने पहिला घोटाळा केला. नवा प्लेअर आधी शंभर तास वाजवून मुरवावा लागतो असं जाणकार सांगतात. लोणच्यासारखा. त्यासाठी खास फाइल मिळते, तिच्यात गाणंबिणं काही नसतं, नुसतं खर्रर्र. मंगळवारपासून तो माझ्या ऑफिसच्या खणात चार्जरला लावलेला, खर्रर्र करत मुरत होता. शनिवारी मी तो तसाच चालू स्थितीत घरी आणला आणि स्वेटरांच्या कपाटात ठेवला. रविवारी सकाळी नऊपर्यंत शंभराच्या वर तास भरले. साडेनऊला मंडळी आली. हेब्बाळच्या पुलावर अडकूनही मिलिंदराव हसतमुख होते. अण्णांनी पिशवी दाराशीच ठेवली.

मी सगळ्यांना बसवलं आणि छोटंसं भाषण केलं. विजेची घरघर म्हणजे काय, ती भिंतीतल्या विजेवर चालणाऱ्या महागड्या यंत्रांत कशी शिरते (इथे मी कुणाकडेही बघितलं नाही), आणि बॅटरीवरचा आवाज कसा गंगाजळासारखा निर्मळ असतो, ते समजावलं. मिलिंदराव मान डोलवत होते. मग मी प्लेअर टीव्हीच्या टेबलाखालच्या अँप्लिफायरला जोडून त्याचं बटण दाबलं. पडद्यावर रिकाम्या बॅटरीचं लाल चित्र आलं आणि प्लेअरने डोळे मिटले.

मुरवता मुरवता त्याचा जीव गेला होता!

चार्जर ऑफिसच्या खणात. मी स्वयंपाकघरात धावलो आणि डास मारायच्या रॅकेटचा जो चार्जर पिठाच्या डब्यामागे असतो, तो ओढून आणला. टीव्हीच्या टेबलाखाली वाकून त्याचं एक टोक भिंतीत घातलं, दुसरं प्लेअरमध्ये. त्याबरोबर दोन्ही स्पीकरांतून धीरगंभीर आवाज निघाला.

"ऊंऽऽऽऽऽ..."

घरघर! जिच्यावर मी आत्ताच दहा मिनिटं भाषण ठोकलं होतं, तीच, साक्षात, दोन्ही बाजूंनी! मी चार्जर उपटायला हात घातला.

"स्वल्प थांबा!" अण्णा म्हणाले.

मी तसाच ओणवा थांबलो.

"पट्टी पांढरी पाच," अण्णा डोळे मिटून म्हणाले. "किंचित चढी. पण काय स्थिर आहे!"

"गाणं कधी सुरू होणार, जयंतराव?" मिलिंदरावांनी कुजबुजत विचारलं.

"होईल की," अण्णाच म्हणाले. "आधी तंबोरा ऐका. तुमच्याकडं बटण दाबलं की धाडकन गाणंच येऊन आदळतंय."

मिलिंदरावांचा चेहरा पडला. मी शपथेवर सांगतो, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा पडला! ते माझ्याजवळ सरकले. "कुठलं रेकॉर्डिंग आहे हो हे?"

"दुर्मीळ आहे," मी म्हणालो.

एवढ्यात आमचा फ्रिज धडधडत सुरू झाला आणि घरघर दुणावली. अण्णांनी मांडीवर थाप मारली. "दुसरा तंबोराही लागला!"

आणि मग जे झालं त्याची तयारी आमच्यापैकी कुणाचीच नव्हती. अण्णांनी घसा साफ केला आणि सा लावला. आवाज आधी थरथरला, मग बसला. शुभा हातात झारा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. झाऱ्यातून तेल फरशीवर ठिबकत होतं आणि ती पुसायला वाकली नाही, यावरून काय ते ओळखा. तिच्या आईनंतर अण्णा पहिल्यांदा गात होते. मला भरून आलं. आणि त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की चार्जिंग होतंय. म्हणजे प्लेअर आता जागा होणार! म्हणजे तो जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू होणार!

"खर्रर्रर्रर्र!"

मी टेबलाखाली सूर मारला आणि प्लेअरमधली अँप्लिफायरची वायर उपटली. खर्रर्र बंद झालं. पण घरघरही बंद झाली. खोलीत एकदम शांतता. अण्णांचा एकटा सूर उघडा पडला, डगमगला... आणि घाबरून मुठीत आवळलेल्या वायरीच्या पिनेला माझा अंगठा लागला.

"ऊंऽऽऽऽऽ!"

इलेक्ट्रॉनिक्सच्या पहिल्या वर्षात हे शिकवतात. अँप्लिफायरच्या मोकळ्या पिनेला बोट लावलं की घरातल्या विजेची घरघर माणसाच्या अंगातून आत शिरते. परीक्षेत मी यावर सुबक आकृती काढली होती. पण त्या आकृतीतला माणूस पुढे मीच होणार आहे, हे तेव्हा कोण सांगणार? अण्णांचा सूर परत जागेवर बसला आणि ते आलापीला लागले.

पुढची चाळीस मिनिटं मी टीव्हीच्या टेबलाखाली पालथा पडून, अंगठा पिनेवर टेकवून, तंबोरा होतो. नाकाला खाज आली, सहन केली. कोपरावर मुंगी चढली, ती खांद्यापर्यंत गेली, तिला जाऊ दिलं. शुभा खाली वाकून हळूच म्हणाली, "अहो, शॉक नाही ना लागत?"

"नाही."

"मग धरा," असं म्हणून ती अण्णांसमोर जाऊन बसली.

मिलिंदराव गुडघ्यांवर रांगत आले. "जयंतराव, खाली काय करताय?"

"सूर जुळवतोय."

त्यांनी आदराने मान हलवली. आणि टेबलाखालून, तिरक्या कोनातून, मी त्यांच्या डोळ्यांत ती गोष्ट पाहिली. हेवा! अस्सल हेवा! मला तो लगेच ओळखू आला, आमच्याकडे तो वर्षानुवर्षं घरी तयार होतो.

गाणं संपलं. मी बाहेर निघालो तेव्हा केसांत जाळं होतं आणि अंगठ्यावर पिनेचा खळगा. अण्णा शांतपणे पाणी पीत होते. गुन्हा कबूल करावा म्हणून मी तोंड उघडलं.

"अण्णा, तो तंबोरा जो होता, तो..."

"अंगठा दुखला काय?"

मी अंगठा मुठीत लपवला. मिलिंदराव गोंधळून एकदा माझ्याकडे, एकदा अण्णांकडे बघायला लागले.

"बेळगावच्या गणपतीत तीस वर्षं माईकवर गायलोय मी," अण्णा म्हणाले. "वायर सुटल्यावर काय घुमतंय ते कळत नाही होय मला?"

"मग... मग गायलात कसे?"

"सूर खरा होता की! आणि जावई पोटावर पडून धरून बसलाय म्हटल्यावर मध्येच उठायचं कसं, सांगा बघू?" त्यांनी पेला खाली ठेवला. माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "वा."

शुभा रडत रडत हसायला लागली. अण्णांनी दाराशी ठेवलेली पिशवी उचलली आणि मिलिंदरावांना सांगितलं, "माझी बाकीची कापडं पाठवून द्या इकडं. हितं राहतो आता."

याला आता पाच महिने झाले. चादर कपाटात गेलेली नाही. शुभाचा आवाज फोनवर दोन घरं पलीकडे ऐकू येईल इतका मोठा झालाय. सगळं मी मागितलं होतं तसंच झालं. फक्त अण्णांचा रियाझ पुन्हा सुरू झालाय आणि तो पहाटे पाचला असतो. मी इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी आणून दिली. अण्णांनी दोन मिनिटं ऐकली आणि म्हणाले, "हे यंत्र आहे. तुम्ही बसा." तेव्हापासून रोज पहाटे दीड तास माझा अंगठा पिनेवर असतो. प्लेअर स्वेटरांच्या कपाटात आहे. तो उत्तम मुरलाय, पण त्यावर एकही गाणं अजून कुणी ऐकलेलं नाही.

परवा मिलिंदरावांचा फोन आला. "जयंतराव, तुमचा फार हेवा वाटतो हो. अण्णा नाहीत तर घर कसं सुनं वाटतं. स्पीकरही लावावेसे वाटत नाहीत. सकाळी उठायला कारणच उरलं नाही, साडेआठपर्यंत नुसते अंथरुणात लोळत असतो."

साडेआठपर्यंत!

एकोणीस वर्षांत मी या माणसावर इतका कधीही जळलो नव्हतो.