एका स्लाइडवर एकच गोष्ट

आमच्या प्रयोगशाळेत सहा जण पाणी तपासतो. सातवं टेबल नऊ वर्षं रिकामं आहे. ते स्लाइडभाऊंचं. माणूस मुळात नुसत्या वासावरून पाणी कुठल्या टाकीचं ते सांगणारा. एकदा घाईच्या वेळी साहेबांना चार स्लाइड करून दिल्या आणि कायमचे अडकले. भीड भिकेची बहीण म्हणतात, ती अशी.

साहेब सभेत स्लाइड वाचून दाखवतात, शेवटच्या 'धन्यवाद'सकट. म्हणून भाऊ स्लाइड काठोकाठ भरायचे. लोक पेंगायचे आणि नावं भाऊंच्या स्लाइडना ठेवायचे. मला याचा फार राग यायचा. भाऊंना तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

यंदा प्रयोगशाळा बंद करून तपासणी बाहेर द्यायचं घाटत होतं. साहेब म्हणाले, "या वेळी असं कर की लोक जागे राहिले पाहिजेत. प्रयोगशाळा वाचली तर तू परत आपल्या टेबलावर. माझा शब्द."

वहिनींनी त्याच दिवशी भाऊंचा पांढरा कोट धुऊन इस्त्री केला.

भाऊ तीन आठवडे शब्द काढत बसले. बावीस स्लाइडच्या सहा झाल्या. पहिलीवर पाण्याचे दोन ग्लास, दोन्ही सारखेच स्वच्छ. खाली एकच ओळ: यातलं एक पिऊ नका.

"आणि बाकीचं?" मी विचारलं.

"बाकीचं तोंडाने सांगायचं. एका स्लाइडवर एकच गोष्ट." साहेबांनी काय बोलायचं ते त्यांनी मोठ्या अक्षरांत वेगळं छापून दिलं होतं.

सभेला नमुन्यांच्या बाटल्या घेऊन मीही गेले होते. साहेबांनी तो कागद उघडलाच नव्हता. सवयीने पडद्याकडे वळले, "यातलं एक पिऊ नका," असं वाचलं, आणि पुढे वाचायला काही नव्हतं. त्यांचं ततपप सुरू झालं. प्रयोगशाळेचा निर्णय ज्यांच्या हातात होता, त्या मोठ्या बाईंनी घड्याळ पाहिलं.

मागे लॅपटॉपपाशी बसलेले भाऊ उठले.

"डावीकडचं पाणी आमच्याकडे मंगळवारी सकाळी आलं. दुपारी आम्ही ती टाकी बंद करायला लावली. बाहेर दिलं असतं तर निकाल शुक्रवारी मिळाला असता. तीन दिवस सगळे हेच प्यायले असते."

एका अधिकाऱ्याने हातातला ग्लास हळूच खाली ठेवला. उरलेल्या पाच स्लाइड भाऊच बोलले. कुणी पेंगलं नाही.

प्रयोगशाळा वाचली. मोठ्या बाई म्हणाल्या, "इतकं नीट समजावणारा माणूस खाली काय करतोय? सोमवारपासून माझ्या ऑफिसात या. सगळी प्रेझेंटेशन तुम्हीच करा." साहेबांनी आपला शब्द गिळला आणि मान हलवली.

जिन्यात मी भाऊंवर चिडले. "तुम्ही बाईंना 'नाही' का म्हणाला नाहीत? नाहीतर सभेत गप्प तरी बसायचं होतं."

"गप्प बसलो असतो तर तुम्ही सहा जण घरी बसला असता," ते म्हणाले आणि पायरीवरच टेकले. खूप थकलेले दिसत होते. मग पिशवीतून इस्त्रीचा कोट काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

"तुला मोठा होईल. बाह्या दुमडून घे. आणि वहिनीला एवढ्यात काही बोलू नकोस."