ग्राफमधला दुसरा डोंगर

सोमवारी सकाळी सव्वादहाला डोंगर परत आला.

"परत?" क्वालिटीचे प्रमुख गावस सर माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत म्हणाले.

"परत," मी म्हटलं.

आधी डोंगर म्हणजे काय ते सांगते. डिचोली तालुक्यातल्या एका औषध कंपनीत मी फॉर्म्युलेशन सायंटिस्ट होते. म्हणजे औषध शोधायचं नाही, ते शरीरात नीट पोचेल अशा रूपात बसवायचं. तेव्हा आम्ही रक्त कमी असलेल्या बायकांसाठी लोहाचं इंजेक्शन तयार करत होतो. नुसतं लोह शिरेत सोडलं तर विषच. म्हणून त्याचे केसाच्या जाडीहून काही हजारपट बारीक कण करायचे आणि प्रत्येक कणाला साखरेचं वेष्टण चढवायचं. शरीर ते वेष्टण सावकाश सोडवतं आणि लोह बेताबेताने घेतं. हेच ते नॅनो. शब्द नवा होता आणि आमचे डायरेक्टर कामत साहेब त्याच्या इतके प्रेमात होते, की कँटीनचा वडा लहान झाला तेव्हा आम्ही त्यालाही नॅनो म्हणायला लागलो.

कण सगळे एका मापाचे हवेत. ते मोजायला लेझरचं मशीन होतं. क्युवेटमध्ये, म्हणजे बोटाएवढ्या चौकोनी पारदर्शक कुपीत, औषध घालायचं आणि कुपी मशीनमध्ये ठेवायची. ग्राफवर एकच डोंगर आला की बॅच पास. आमच्या ग्राफवर उजवीकडे दुसरा डोंगर येत होता. म्हणजे आत कुठेतरी दांडगे कण होते. असे मोजके कणही पुरतात. भजनात कोणी शिगम्याचा ढोल घेऊन बसला तर बाकीच्यांचं काय ऐकू येणार?

पंधरा दिवसांनी हैदराबादची पार्टी ऑडिटला येणार होती. दुसऱ्या डोंगरासकट ते औषध घेणार नव्हते.

आमच्याकडे काही बिघडलं की मूळ कारणाचा फॉर्म भरायचा. त्यावर पाच चौकोन: मॅन, मशीन, मेथड, मटेरियल, एन्व्हायर्नमेंट. गावस सरांच्या कारकिर्दीत पहिला सोडून एकाही चौकोनाला पेन लागलं नव्हतं.

"क्युवेट कोण धुतं?"

"सुमन."

"मग सुमन," म्हणत त्यांनी टिक केली. मॅनच्या चौकोनात बाई बसवताना त्यांना काहीच अडचण आली नाही.

सुमन आमची कंत्राटावरची लॅब अटेंडंट. मूळची सावंतवाडीकडची. नवऱ्याला खाणीच्या ट्रकवर काम मिळालं म्हणून खाणीजवळच्या पाळी गावात येऊन राहिलेली. तिला आधीच एकदा ट्रेनिंग देऊन झालं होतं. धुण्याच्या नियमांची नोटीस कोकणीत लावायची की मराठीत, यावर कँटीनमध्ये दोन दिवस वाद झाला. शेवटी कोणाचं मन दुखवायला नको म्हणून ती इंग्रजीत लावली. सुमनने ती न वाचता रजिस्टरमध्ये सही केली आणि ट्रेनिंग पूर्ण झालं.

आता फॉर्मवर फक्त माझी सही बाकी होती. ती झाली की तिचा गेटपास बंद.

"मॅडम, मी तीनदा धुतलंय," सुमन म्हणाली. "तुमच्या म्होरच धुतलंय."

मी सही थांबवली. पण खरं सांगायचं तर माझाही संशय तिच्यावरच होता. ती पाळीहून बसने यायची आणि तिच्या साडीचा काठ कायम तांबडा असायचा. मी तिला आठ दिवस रजेवर पाठवलं आणि क्युवेट स्वतः धुवायला लागले.

मंगळवारी डोंगर. बुधवारी डोंगर. मी डॉक्टरेट केलेली बाई, माझ्या हातूनही तोच डोंगर. गुरुवारी गावस सर म्हणाले, "बघा, ती नाही तरी तिची सवय राहिलीय."

रविवारी कामं साचली म्हणून मी एकटीच लॅबमध्ये आले. तीच बॅच, त्याच कुप्या. ग्राफवर एकच सुरेख डोंगर. मी पाच वेळा मोजलं आणि पाचही वेळा बॅच पास झाली.

रविवारी बंद असलेली लोहखनिजाच्या ट्रकांची रांग सोमवारी दहाला रस्त्यावर सुरू झाली आणि सव्वादहाला दुसरा डोंगर आला. मी उठले आणि खिडकीतल्या एसीची जाळी काढली. ती विटेसारखी लाल होती. औषधात काहीच खोट नव्हती. मोजताना कुपीत जी धूळ पडायची ती आम्ही औषध समजून मोजत होतो. मी पार्से गावाहून बस बदलत यायचे, माझी ओढणीही सुमनच्या साडीइतकीच तांबडी होती. तो तांबडेपणा मला कधी दिसला नाही. मला स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळी मी पाळीला तिच्या घरी गेले. दारातल्या जास्वंदीचं पान न् पान लाल होतं. मी सगळं सांगितलं. म्हटलं, आता फॉर्मवर एन्व्हायर्नमेंट लिहायला लावते, तू सुटलीस.

तिला आनंद झाला नाही. "मॅडम, धुळीचा नाव काढू नका," ती म्हणाली. "माझो घोव त्याच ट्रकावर असा. माझी नोकरी जातली तर एक जातली. ट्रक बंद झाले तर त्याची पण जातली."

मग तिने सरकारी दवाखान्याची चिठ्ठी दाखवली. रक्त कमी. लोहाची कमतरता.

"आमच्या भाताक लाल थर बसता. इतकी वर्सां मी लोखंडच खाल्लंय. आणि डॉक्टर म्हणता, आंगात लोखंड नाय."

मी समजावलं, की धुळीतलं लोह दगडाच्या रूपात असतं, रक्त ते उचलत नाही.

"म्हणजे तां तुमच्या मशीनीक लागता," सुमन म्हणाली, "आंगाक लागणा नाय."

औषध शरीरात पोचवण्याच्या शास्त्रावर मी पुष्कळ व्याख्यानं ऐकली आहेत. इतकं थोडक्यात कोणी सांगितलं नाही.

आता धूळ काढायची होती, पण तिचं नाव न घेता. कंपनीत रस्त्याकडे पाठ असलेली एकच खोली होती, कामत साहेबांची केबिन. मागे झाडी, दुहेरी काचा, वेगळा एसी. मी ट्रॉलीवर मशीन चढवलं आणि थेट त्यांच्या दारात गेले.

"बाय, ही मशीन म्हज्या टेबलार?" साहेबांनी विचारलं. "केबिन ती केबिन, लॅब ती लॅब."

"दहा मिनिटं द्या, सर."

मी त्यांच्यासमोर तीच बॅच मोजली. एकच डोंगर. साहेबांनी ग्राफवर बोट ठेवलं.

"मग लॅबमध्ये दुसरो डोंगर कित्याक येता?"

माझ्या मागोमाग आलेले गावस सर माझ्याकडे बघत होते. "कंपनं, सर," मी म्हटलं. "मशीनला कंपनमुक्त जागा लागते." हे अगदीच खोटं नव्हतं, ट्रक गेला की आमचं टेबल थरथरायचंच. कसली कंपनं, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सगळ्यांनाच उत्तर द्यावं लागलं असतं.

"ऑडिटापुरतें दवर," साहेब म्हणाले. मशीन ऑडिटपुरतं त्यांच्या टेबलावर राहिलं.

हैदराबादचे ऑडिटर आले. सगळा कारखाना बघून केबिनमध्ये शिरले आणि मशीन बघून थबकले. डायरेक्टर स्वतःच्या डोळ्यांसमोर कण मोजून घेतो, क्वालिटीची अशी निष्ठा आपण कुठे पाहिली नाही, असं त्यांनी रिपोर्टमध्ये लिहिलं. साहेबांनी तो रिपोर्ट फ्रेम करून लावला. त्यानंतर मशीन हलवण्याची सोय राहिली नाही. मोजणी चालू असताना साहेबांना पंखा लावायला, येरझारा घालायला आणि जोरात फोनवर बोलायला मनाई होती. मनाई सुमन करायची. ओलं फडकं घेऊन ती आत शिरली की डायरेक्टर पाय वर घेऊन बसायचे.

फॉर्म अजून उघडाच होता. गावस सरांनी मॅनवरची टिक जड मनाने खोडली आणि 'मशीन' वर केली. मूळ कारण: जागा. उपाय: जागा बदलली. मी सही केली. सुमनचं कंत्राट पुढे चालू राहिलं आणि पुढे बाजारात आलेलं ते इंजेक्शन डॉक्टरांनी तिलाही दिलं. ट्रकही चालू राहिले. लॅबमध्ये आम्ही बसत होतो तिथेच बसलो, त्याच खिडकीशी, त्याच एसीखाली. मशीनला धूळ चालत नव्हती, माणसांना चालत होती.

नोकरीतून मी एवढंच शिकले, की मूळ कारण सापडणं वेगळं आणि फॉर्ममध्ये मावणं वेगळं. त्या फाइलमध्ये पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत धूळ हा शब्द नाही. निवृत्त होताना मी ती एकदा कपाटातून काढली. हातात धरली तर बोटं लाल झाली.