डोलकाठीखालचा राजा

माझा नवरा हेर्ले बोटी बांधणारा सुतार. हात थकले, पण पायाला भिंगरी तशीच. दर रविवारी ब्रेस्टच्या जुन्या बाजारात जायचं आणि चांदीची नाणी धुंडाळायची. फ्रान्सच्या जुन्या राजांची नाणी पुढे सरकारनं वितळवली, म्हणून उरलेल्यांवर याचा भलता जीव. कपाटात माझ्या कपड्यांपेक्षा पंधराव्या लुई राजाला जागा जास्त.

वसंतात आमच्या जावयानं, गुल्वेननं, मासेमारीसाठी नवी बोट घेतली. आमच्या बंदरात डोलकाठी उभी करताना तिच्या बुडाखाली चांदीचं नाणं ठेवतात. नाणं खोटं असलं तर समुद्र माणूस परत देत नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. गुल्वेन म्हणाला, "बाबा, नाणं तुमच्या हातचं हवं."

यानं डबा उघडला, बराच वेळ चाचपला आणि एक नाणं दिलं. मला वाटलं, चला, सुटला एकदाचा चिक्कूपणा!

तेव्हापासून जरा वारा उठला की याचा जीव थाऱ्यावर नसायचा. ऑक्टोबरात खरंखुरं वादळ आलं. गुल्वेन समुद्रात, आणि आमची लेक अझेनोर पोटुशी, चुलीपाशी बसलेली. हा खिडकीत, दारात, धक्क्यावर, परत खिडकीत. सूप गार झालं.

"बस की रे मेल्या! पोरीला घाबरवतोस."

यानं मला ओढून बाहेर नेलं आणि पुटपुटला, "ते शिशाचं होतं गं. बाजारात माझ्याच गळ्यात मारलेलं. खरं देववेना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "खरं नाणं राखलंस आणि जावई समुद्राला दिलास?"

संध्याकाळी बोट आली. शीड फाटलेलं, माणूस धड. हेर्ले धावला आणि सगळ्यांदेखत बोलून मोकळा झाला.

गुल्वेन बुटातलं पाणी ओतत म्हणाला, "माहीत होतं, बाबा. ठेवताना हातून निसटलं, नांगरावर पडून थप्प वाजलं. चांदी अशी वाजते होय?"

"मग गेलास कशाला?" हेर्लेनं विचारलं.

"डबा फार वेळ चाचपलात, तेव्हाच कळलं. चारचौघांत तुमची लाज कशाला काढू? म्हटलं, आज ना उद्या बाबा स्वतःच बोलतील."



समुद्र शांत झाल्यावर डोलकाठी उचलली. यानं शिशाचं काढून आपला सगळ्यात लाडका लुई स्वतः ठेवला, चेहरा वर करून. "टेकवा," म्हणाला. एवढा भार राजाच्या नाकावर आला. आता त्या नाण्याला बाजारात कुत्रं विचारणार नाही.

पुढच्या वादळातही गुल्वेन बाहेरच होता. हेर्ले खुर्चीत बसून सूप पीत होता. येरझारा मी घालत होते.