पाहुण्यांना दाखवायचं घर

जिंतूरच्या डोंगरात आमचं गाव वर आणि वाडी पायथ्याला. कागदोपत्री गाव आमचं, वाडी म्हणजे त्याचं शेपूट. एवढ्या भांडवलावर आम्ही जन्मभर वाडीकरांना हिणवत आलो. फक्त सोयरिकीचे पाहुणे घर बघायला येणार असले, की आम्ही सगळे वाडीचे होतो. कारण वरचा रस्ता दिसला की पाहुणे अर्ध्या घाटातून जीप माघारी वळवतात.

माझ्या पुतण्याची स्थळं अशी घाटातच विरली, वय तिशीला टेकलं. म्हणून सोनपेठकडचे पाहुणे आले तेव्हा बैठक वाडीतल्या माझ्या दोस्ताच्या घरी ठेवली. स्लॅबचं घर, अंगणात बोअर. मी मालकासारखा बाजेवर. खरा मालक शेजारी म्हणून कोपऱ्यात.

वहिनीनं बजावलं होतं, "भावजी, कमी बोला."

मुलीच्या आत्यानं विचारलं, "हात धुवायला कुठं जायचं?" मी ऐटीत एक दार दाखवलं. आत कडबा निघाला. दोस्ताचा मुलगा धावला, त्यानं बादली भरून दिली, टॉवेल दिला.

"हे पोरगं कोणाचं?" मुलीच्या मामांनी विचारलं.

सावरायच्या नादात मी सुटलोच. "शेजाऱ्याचं. लय गुणी. सुपारीचं बी व्यसन न्हाई. अजून लगीन राहिलंय बघा!"

वहिनीनं पदर तोंडात कोंबला.

आठवड्यानं मामांचा फोन आला. "घर पसंत हाय." मी ओरडून सगळ्यांना सांगितलं. वहिनीनं देवापुढं साखर ठेवली.

"पुढचं ऐका की," मामा म्हणाले. "आमी वाडीत विचारपूस केली. घर ज्याचं, पोरगं बी त्याचंच करायलाव आमी. तुमीच तर सांगितलं, लय गुणी हाय."

त्या लग्नात मी वरपक्षाकडून बुंदी वाढली. वाढताना दोस्त कानात म्हणाला, "वरच्या गावाचे उपकार झाले बाबा."

पारावर लगेच नवा तोडगा निघाला. पुढच्या बारीला पाहुणे वाडीपलीकडच्या तांड्यावर उतरवायचे. कुणीतरी म्हणालं, "तिथं लग्नाचं कोणी न्हाई ना, ते आधी बघा."

इतके दिवस गप्प असलेला पुतण्या तेव्हा बोलला. "काका, आता नवे पाहुणे वर आपल्याच घरी येतील. घाटाचा रस्ता कसा हाय ते त्यांना मी फोनवरच सांगितलंय. फक्त त्या दिवशी तुमी बाजाराला जा."

पाहुणे आज यायचेत. मी जिंतूरच्या स्टँडवर बसून हे लिहितोय. वहिनीनं निरोप धाडलाय, बोलावल्याशिवाय परत यायचं न्हाई.