डावा कौल घेऊन महाडला

सूर्य उगवायला अवकाश होता. माझी नवी गाडी गावदेवीच्या देवळासमोर उभी होती आणि मी आत, गाभाऱ्याच्या दारात, घड्याळाकडे बघत. प्रवासाचा पहिला थांबा घरापासून हाकेच्या अंतरावर असेल आणि तिथंच सगळ्यात जास्त वेळ जाईल, असं मी हिशेबात धरलं नव्हतं.

जायचंही काही लांब नव्हतं. आमच्या कापडे गावाहून पोलादपूर आणि तिथून हायवेनं महाड. इतकी वर्षं हा रस्ता मी एसटीच्या खिडकीतून पाहिला. पण महाडच्या एका दवाखान्यात मला सकाळच्या पाळीची, कायमची जागा मिळत होती आणि त्या पाळीला पोचवणारी एसटी आमच्याकडं नाही. मोठ्या सिस्टरनी स्पष्टच सांगितलं होतं, "आठवडाभर बघते. वेळेवर आलात तर जागा तुमची, नाहीतर दुसरी बाई तयार आहे." महाडात खोली घ्यावी तर घरी सासूबाई एकट्या. नवरा मुंबईला. म्हणून पन्नाशीच्या तोंडावर मी गाडी शिकले आणि ही छोटी, पांढरी, डब्यासारखी गाडी घेतली. परवाना मिळाला तेव्हा शिकवणाऱ्या मास्तरांनी माझं अभिनंदन केलं आणि स्वतःचंही.

सासूबाईंची अट एकच होती. कौल लावल्याशिवाय गाडी वेशीबाहेर न्यायची नाही. कौल म्हणजे देवीला प्रश्न विचारायचा. तिच्या दोन्ही खांद्यांवर गुरव (देवळाचा पुजारी) ओली फुलं चिकटवतो. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार.

"आई," गुरवानं सासूबाईंकडं हात करत गाऱ्हाणं घातलं, "हिची सून एकटी गाडी हाकत रोज महाडास जाणार हाय. सुखरूप जाऊन येणार असंल तर उजवं दे."

फुलं हलेनात. देवी विचार करत होती. मी मनातल्या मनात गिअरची उजळणी करत होते. बाहेर फटफटू लागलं आणि डावं फूल टपकन खाली आलं.

"परत लावू काय?" गुरव हळूच म्हणाला.

"नको. ती एकदा बोलली ती बोलली," सासूबाई म्हणाल्या.

मी सासूबाईंपुढं घड्याळ धरलं. "आई, मला निघायलाच हवं. आज पहिला दिवस आहे."

"मी कुठं नको म्हणते? देवी काय म्हणाली? एकटी नको. मग मी येते."

त्या तरातरा बाहेर गेल्या, गाडीच्या दाराशी चपला काढल्या आणि पुढच्या सीटवर मांडी घालून बसल्या. चपला मीच उचलून आत घेतल्या.

गाडी सुरू होताच टुंगटुंग वाजायला लागलं. "कोण बोंबलतंय गो?"

"गाडी. पट्टा लावा म्हणते."

"तिला सांग, मी नाय पडत."

मी पट्टा लावून दिला. बाहेर धुकं इतकं दाट की रस्त्याकडेची भाताची खाचरं पार बुडाली होती. वळणावर दिवा दाखवायला गेले तर काचेवरचा वायपर फिरायला लागला. समोरून घाट उतरलेला ट्रक आला आणि मी श्वास घ्यायलाच विसरले. तो गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तू डोळे मिटले नाय ना?" मी खोटं बोलले.

गावापुढच्या चढावर धुक्यात कोणीतरी हात केला.

"थांबव! कमळा हाय."

"आई, चढ आहे. चढावर थांबले तर मला परत..."

"माणूस उभं दिसतंय आणि पुढं निघून जायचं? मला गावात तोंड दाखवायचंय."

आमच्याकडं ज्याच्याकडं चाकं आहेत त्यानं उभ्या माणसाला घ्यायचं, हे कुणी कुणाला शिकवत नाही. मी थांबले. चढाजवळच्या वाडीतली कमळाताई वालाच्या शेंगांची पाटी मांडीवर घेऊन मागं बसली. ती महाडच्या बाजारात शेंगा विकते.

मग व्हायचं तेच झालं. क्लच सोडला, गाडीनं आचका दिला आणि बंद पडली. आरसा एकदम उजळला. मागं रेतीचा डंपर येऊन उभा होता. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. आता गाडी मागं सरकायला लागली.

"मागं चाललीय गो!" सासूबाई ओरडल्या.

"मी उतरू काय?" कमळाताई.

"उतरू नका! उतरलात तर परत थांबावं लागेल!"

डंपरचा हॉर्न कानात घुसला. मी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. गाडी थांबली. डंपरवाल्यानं डोकं बाहेर काढलं. "ओ ताई, येऊ का खाली? मी काढून देतो."

"नको!" आम्ही तिघी एकदम ओरडलो.

मास्तरांचं एकच वाक्य आठवलं. गाडी थरथरेपर्यंत क्लच सोडायचा नाही. केसाकेसानं पाय उचलला. गाडी थरथरली, तिचं नाक वर झालं. हँडब्रेक सोडला आणि आम्ही चढलो.

पोलादपूर कधी आलं, हायवेचे ट्रक किती ओरडले, मला सांगता येणार नाही. दवाखान्याच्या दारात गाडी तिरकी लावली. मोठ्या सिस्टर पायरीवरच होत्या. घड्याळाकडं बघून म्हणाल्या, "वेळेत आलात." मग गाडीतून हात धरून उतरवलेल्या सासूबाईंकडं पाहून, "पेशंट का?"

पाळी संपेपर्यंत सासूबाई कमळाताईशेजारी बाजारात बसून शेंगा विकत होत्या.

परतताना ऊन होतं. कमळाताईही पाटी घेऊन मागं बसली होती. सकाळी न दिसलेला रस्ता आता दिसला. सावित्री नदीचं पात्र, कडेचे डोंगर, आणि तो चढ, जो उन्हात अगदीच किरकोळ वाटला. पण सासूबाई कमरेवर हात दाबून बसल्या होत्या.

"आई, उद्या?"

"रोज नाय जमायचं गो मला."

पहिल्याच दिवशी आपली नोकरी बुडाली असं मी समजून चालले होते.

"मी असते की सोबतीला," मागून कमळाताई म्हणाली. "बाजार तर रोजचाच हाय."

सासूबाईंनी मान वळवली. "तू चढावर बसणार. देवळापासून चढापर्यंत ही एकटीच की!"

कमळाताईनं थोडा विचार केला. "मग मी देवळापाशी चालत येते. चढावर उभी राह्यले नि आज मरणच आलं होतं."

सासूबाई हसल्या, दिवसभरात पहिल्यांदा. घरी पोचेस्तोवर त्यांनी गावातल्या आणखी दोघींची नावं काढली होती. दोघींनाही सकाळी महाड गाठायचं असतं, म्हणे.

गाडी घेताना वाटलं होतं, आता आपल्या तंद्रीत, पाय पसरून, एकटीनं जायचं. ते सुख माझ्या वाट्याला एक दिवसही यायचं नाही. पण उद्या मी सकाळच्या पाळीला जाणार होते आणि दुपारी घरी सासूबाईंजवळ असणार होते.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. "कशी वाटली गाडी?"

"चांगली आहे," मी म्हटलं. "जरा मोठी घ्यायला हवी होती."